ज्येष्ठांच्या वसाहतींचा नकाशा काय सांगतो?

रविवारच्या पुरवण्यांमध्ये हल्ली ‘सीनियर लिव्हिंग’च्या जाहिराती नेमाने दिसतात. हिरवळ, योगवर्ग, बाकावर बसलेले हसरे जोडपे आणि तळाशी बारीक अक्षरांत पत्ता. चौरस फूट आणि किंमत सगळेच वाचतात. पत्त्यावरून मात्र नजर चटकन पुढे सरकते. वयाच्या सत्तरीत घेतलेल्या घराच्या बाबतीत आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ओळ तीच असते. पंधरा वर्षांनी त्या घरात राहणाऱ्याचे काय होणार, याचा बराचसा भाग त्या ओळीत ठरलेला असतो.

या व्यवसायात लवकर उतरलेल्या कंपन्यांपैकी एक म्हणजे आशियाना हाउसिंग. तिच्या ज्येष्ठांसाठीच्या वसाहती कुठे आहेत, ते पाहण्यासारखे आहे. राजस्थानात भिवाडी आणि जयपूर, महाराष्ट्रात लवासा आणि तळेगाव, तामिळनाडूत चेन्नईच्या दक्षिणेचा उपनगरी पट्टा. तीन राज्यांतील मोजकी ठिकाणे. पण भिवाडी म्हणजे दिल्लीचा शेजार, लवासा व तळेगाव म्हणजे पुण्या-मुंबईचा शेजार आणि मराईमलाई नगर म्हणजे चेन्नईचा शेजार. मॅक्स समूहाच्या ‘अंतरा’ने सुरुवात मसुरीच्या पायथ्याशी, डेहराडूनजवळ केली आणि नंतर पावले नोएडा व गुरुग्रामकडे वळवली. कोवईने कोइम्बतूरमध्ये बस्तान बसवले. पुण्यात परांजपे स्कीम्सच्या ‘अथश्री’ वसाहतींना दोन दशकांहून अधिक काळ झाला. कंपन्या निरनिराळ्या असल्या तरी नकाशाचा नमुना एकच दिसतो: मोठ्या शहराच्या कडेला, जमीन परवडेल इतके लांब आणि विमानतळ गाठता येईल इतके जवळ.

व्यवसाय म्हणून यात गैर काही नाही. परवडेल तिथे जमीन आणि ग्राहक आहे तिथे दुकान, हा कुठल्याही उद्योगाचा नियम. प्रश्न निराळा आहे. या वसाहतींकडे आता देशाच्या वार्धक्याच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पाहिले जाऊ लागले आहे. नीती आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या काळजीविषयी जो अहवाल काढला, त्यातही खासगी क्षेत्राकडून मोठी अपेक्षा आहे. म्हणून ज्येष्ठ कुठे आहेत, आजार कुठे आहेत आणि वसाहती कुठे आहेत, हे तिन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून पाहायला हवेत.

ज्येष्ठ कुठे आहेत?

२०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या व्यक्तींची संख्या १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या भारतविषयक अहवालानुसार २०२२ मध्ये ती १४ कोटी ९० लाखांच्या घरात पोहोचली होती आणि २०५० पर्यंत सुमारे ३४ कोटी ७० लाख होईल. तेव्हा दर पाच भारतीयांपैकी एक साठीपुढचा असेल.

ही वाढ सगळीकडे सारखी नाही. केरळने लोकसंख्या स्थिर ठेवणारा जननदर १९८८ च्या सुमारास गाठला, तामिळनाडूने १९९३ च्या सुमारास. मुले कमी, आयुर्मान जास्त आणि तरुण कामासाठी बाहेर, असे तिन्ही घटक एकत्र आल्याने दक्षिण आधी म्हातारी झाली. केंद्र सरकारच्या तज्ज्ञगटाच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये केरळात साठीपुढच्यांचे प्रमाण १६.५ टक्के, तर तामिळनाडूत १३.६ टक्के होते. बिहारमध्ये ते ७.७ टक्क्यांवर आणि उत्तर प्रदेशात ८.१ टक्क्यांवर होते.

इथे प्रमाण आणि संख्या यांत गल्लत होऊ नये. प्रमाण कमी असले तरी सर्वाधिक ज्येष्ठ उत्तर प्रदेशातच राहतात: २०११ मध्ये दीड कोटीहून अधिक. त्याखालोखाल महाराष्ट्र, सुमारे १ कोटी ११ लाख. देशभरातील ज्येष्ठांपैकी ७१ टक्के त्या वेळी खेड्यांत होते. स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त जगतात, त्यामुळे साठीपुढच्या दर हजार पुरुषांमागे १,०३३ स्त्रिया होत्या आणि त्यांत विधवांचे प्रमाण मोठे होते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे या बाबतीत राज्याच्या पुढे आहेत. २००१ ते २०११ या दशकात या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. मुंबईने तरुण ओढून घेतले आणि वाड्यावस्त्यांवर म्हातारी माणसे उरली. गणपतीला आणि शिमग्याला घरे भरतात. एरवी परसदार झाडायलाही माणूस नसतो. कर्जत, नेरळ, तळेगाव या पट्ट्यात ज्येष्ठांसाठीची घरे दिसतात; पण ती घाटाखालच्या दापोली-राजापुरातील आजीसाठी बांधलेली नाहीत. मुंबई-पुण्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या, एक घर विकून दुसरे घेऊ शकणाऱ्या मध्यमवर्गासाठी ती आहेत.

ठिपके दक्षिणेतच का?

मालमत्ता सल्लागार कंपन्यांच्या अलीकडच्या अहवालांत देशातील संघटित क्षेत्राच्या ज्येष्ठ-वसाहतींपैकी सुमारे साठ टक्के घरे दक्षिणेत असल्याचे दिसते. कोइम्बतूर, चेन्नई, बेंगळूरु ही त्यांतली ठळक नावे. पश्चिमेत पुणे आणि उत्तरेत दिल्लीचा परिसर सोडला तर ठिपके विरळ होतात. गंगेच्या खोऱ्यात आणि ईशान्येत तर शोधावे लागतात.

लोकसंख्येचे वयोमान हे याचे एक कारण झाले. दुसरे कारण पैशाचे आहे. अशा घरासाठी एकरकमी मोठी रक्कम लागते आणि त्यावर दर महिन्याला देखभाल व जेवणाचा खर्च वेगळा. सरकारी नोकरी, बँक, संरक्षण दल, सार्वजनिक उपक्रम यांतून निवृत्त झालेल्यांकडे निवृत्तिवेतन असते. परदेशी स्थिरावलेली मुले भर घालतात. देशातील बहुसंख्य ज्येष्ठांना मात्र कोणतेही निवृत्तिवेतन नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेत केंद्राचा वाटा ६० ते ७९ या वयोगटासाठी महिना २०० रुपये आणि त्यापुढे ५०० रुपये आहे. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. या आकड्यांवर जगणाऱ्या माणसासाठी वरील नकाशावर ठिपकाच नाही.

तिसरे कारण वैद्यकीय आहे. वार्धक्यातील आजारांना स्वतंत्र शास्त्र मानण्याची सुरुवात आपल्याकडे चेन्नईत झाली. मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये १९७८ मध्ये ज्येष्ठांसाठी वेगळा विभाग उघडला आणि या विषयातील पदव्युत्तर शिक्षण १९९६ मध्ये सुरू झाले. २०२४ मध्ये गिंडीत राष्ट्रीय वार्धक्य केंद्र उभे राहिले. खासगी रुग्णालयांचे जाळे, शिकलेल्या परिचारिका आणि घरी येणारी सेवा या गोष्टी दक्षिणेतील शहरांत आधी आल्या. वसाहत बांधणाऱ्याला त्या आयत्या मिळाल्या. आधी रुग्णालय आले आणि वसाहत त्याच्या आधाराने वाढली, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये

माहितीपत्रकात ‘नामांकित रुग्णालयापासून अमुक किलोमीटर’ असे लिहिलेले असते. वैद्यकीयदृष्ट्या या आकड्याला फारसा अर्थ नाही. अर्थ आहे तो वेळेला, आणि त्या रुग्णालयात रात्री दोन वाजता काय उपलब्ध आहे, याला.

पक्षाघाताचे उदाहरण घ्या. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. ज्येष्ठांच्या बाबतीत या साडेचार तासांतला मोठा भाग रुग्णालयाबाहेरच संपतो. पहाटे उठल्यावर तोंड वाकडे दिसते. पण रात्री झोपताना ते ठीक होते की नाही, हे सांगायला कोणी नसते. मग घाटरस्ता, टोलनाका, पावसाळ्यातला खोळंबा. जवळच्या छोट्या रुग्णालयात सीटी स्कॅन नसले तर तिथे थांबण्यात तासभर जातो आणि पुढच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत वेळ टळलेली असते.

दुसरे उदाहरण पडण्याचे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार ६५ वर्षांवरील सुमारे २८ ते ३५ टक्के माणसे दर वर्षी एकदा तरी पडतात. हाडे ठिसूळ झालेली असली की खुब्याचे हाड मोडते. शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी, हा जगभरचा दंडक आहे. कारण अंथरुणावर पडून राहिलेल्या वृद्धाला न्यूमोनिया, पायातील शिरांत गुठळ्या आणि पाठीवर जखमा होतात. खुब्याचे हाड मोडलेल्या ज्येष्ठांपैकी पाचांतील सुमारे एक जण वर्षभरात दगावतो, असे बहुतांश अभ्यासांत आढळते. जे वाचतात त्यांतल्या अनेकांना पूर्वीसारखे चालता येत नाही. म्हणजे शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व नंतरच्या तीन महिन्यांच्या व्यायामोपचाराला आहे. तो देणारा माणूस वसाहतीत येतो का, हा प्रश्न जलतरण तलावापेक्षा मोठा आहे.

तिसरी गोष्ट रोजच्या आजारांची. मधुमेह, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार, श्वसनविकार, मोतीबिंदू, प्रोस्टेट अशा एकत्र आलेल्या व्याधींसाठी वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जावे लागते. डायलिसिस सुरू झाले तर आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या ठरलेल्या. ऐंशीच्या घरातल्या माणसाला दीड तासाचा प्रवास करून अशी फेरी झेपत नाही. मग तो तपासण्या टाळू लागतो. ‘तब्येत ठीक आहे’ याचा अर्थ बऱ्याचदा ‘डॉक्टरकडे गेलेलो नाही’ एवढाच असतो.

निसर्गरम्य जागेच्या बाबतीतही थोडे थांबून विचार करायला हवा. डोंगरातली थंड हवा सांधेदुखीच्या रुग्णाला सोसत नाही आणि चढउताराचे रस्ते गुडघ्यांना. दिल्लीच्या परिसरात प्रश्न हवेचाच आहे. आयक्यूएअर या संस्थेच्या जागतिक अहवालात २०२१ सालच्या सूक्ष्म धूलिकणांच्या नोंदींनुसार भिवाडीचे नाव जगातील सर्वांत प्रदूषित शहर म्हणून आले होते. हा दोष कुठल्या एका वसाहतीचा नाही. तो औद्योगिक पट्ट्याचा आणि उत्तरेच्या हिवाळ्याचा आहे. पण दमा किंवा हृदयविकार असलेल्या ज्येष्ठाने त्या भागात घर घेताना बाग किती मोठी आहे यापेक्षा नोव्हेंबर ते जानेवारी कसे जातात, हे विचारायला हवे. तळेगावात वैद्यकीय महाविद्यालय आहे, मराईमलाई नगराजवळ चेंगलपट्टूचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. लवासाला जाणारा रस्ता घाटातून जातो. एकाच कंपनीच्या नकाशावरच्या ठिपक्यांचा वैद्यकीय अर्थ असा निरनिराळा निघतो.

घर आहे, शुश्रूषा आहे का?

या व्यवसायात तीन-चार पायऱ्या असतात आणि जाहिरातीत त्या एकाच नावाखाली येतात. पहिली पायरी स्वावलंबी ज्येष्ठांच्या घरांची: आधारकठडे, भोजनगृह, सुरक्षारक्षक, बोलावल्यावर येणारी परिचारिका. दुसरी, अंघोळ-कपडे-औषधे यांत मदत लागणाऱ्यांची. तिसरी, स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठीची बंदिस्त आणि प्रशिक्षित माणसांची जागा. चौथी, अंथरुणाला खिळलेल्यांच्या पूर्णवेळ शुश्रूषेची. आपल्याकडे बांधली गेलेली बहुतेक घरे पहिल्या पायरीची आहेत. म्हणजे नकाशावरचे बरेचसे ठिपके, ज्यांना अजून फारशी मदत लागत नाही अशांसाठी आहेत.

गरज मात्र दुसऱ्या पायरीपासून सुरू होते. भारतातील वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास ‘लासी’ या नावाने ओळखला जातो. त्याची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली आणि ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्ती त्यात होत्या. साठीपुढच्यांपैकी सुमारे २४ टक्क्यांना अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, चालणे अशा रोजच्या क्रियांपैकी किमान एकीत अडचण होती, असे त्यात दिसले. याच अभ्यासाच्या स्मृतिभ्रंशविषयक भागानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आढळले. शहराच्या कडेला उभे राहिलेले ठिपके आणि हा आकडा शेजारी ठेवले की दरी लगेच ध्यानात येते.

स्मृतिभ्रंशाचा आणि ठिकाणाचा आणखी एक संबंध आहे, ज्याकडे घर घेताना कोणाचे लक्ष जात नाही. तो म्हणजे भाषा. हा आजार वाढत जातो तसे नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि लहानपणची भाषा उरते. आयुष्यभर इंग्रजीत कचेरी चालवलेले गृहस्थ शेवटी मराठीतच, तेही आपल्या गावच्या बोलीत, पाणी मागतात. समोरच्या मदतनिसाला ती कळली नाही तर तहान, दुखणे, लघवीची घाई या साध्या गोष्टी ‘चिडचिड’ म्हणून नोंदल्या जातात आणि त्यावर झोपेचे औषध सुरू होते. काळजी घेणारे मनुष्यबळ बऱ्याच शहरांत दुसऱ्या राज्यांतून आलेले असते. म्हणून कोइम्बतूरची हवा कितीही चांगली असली तरी साताऱ्याच्या आजींना तिथे हलवताना भाषेचा हिशोब करावा लागतो.

‘अंतरा’सारख्या संस्थेने वसाहतींबरोबर गुरुग्रामसारख्या शहरांत शुश्रूषागृहेही सुरू केली, यामागे हीच गरज आहे. आजारी ज्येष्ठाची जागा डोंगराच्या पायथ्याशी नसून मोठ्या रुग्णालयाच्या जवळ असते. स्वावलंबी निवृत्तांची वसाहत शहराबाहेर चालते; शुश्रूषागृह शहरातच लागते. दोन्हींचे भूगोल वेगळे आहेत आणि ग्राहकाला ते एकच असल्याचे वाटते, इथे फसगत होते.

राज्य बदलले की नियम बदलतो

एखादी कंपनी चार राज्यांत पसरली की तिला चार प्रकारचे नियम लागू होतात. घराच्या बांधकामावर रेरा कायद्याखालील राज्याचे प्राधिकरण लक्ष ठेवते. वैद्यकीय आस्थापनांसाठी केंद्राचा २०१० चा कायदा काही राज्यांनी स्वीकारला आहे. महाराष्ट्रात १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तांच्या वसाहतींसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली. पण ती स्वीकारायची की नाही, हे राज्यांवर आहे. महारेराने २०२४ मध्ये अशी तत्त्वे लागू केली. उद्वाहन, उतरते रॅम्प, चाकाची खुर्ची जाईल इतके रुंद दरवाजे, न घसरणारी फरशी, आधारकठडे, वीज गेल्यास पर्याय या गोष्टी आता महाराष्ट्रात केवळ जाहिरातीपुरत्या राहत नाहीत. हे पाऊल चांगले आहे. परंतु ही तत्त्वे इमारतीबद्दल आहेत. रात्रपाळीला किती ज्येष्ठांमागे एक परिचारिका हवी, मदतनिसाचे प्रशिक्षण किती, औषधांची नोंद कोण ठेवणार, याबद्दल ती बोलत नाहीत.

अमेरिकेत हा व्यवसाय जुना आहे, म्हणून तिथला अनुभव उपयोगी पडतो. ब्रुकडेल ही तिथली मोठी कंपनी. २०१४ मध्ये एमेरिटस ही स्पर्धक कंपनी तिने विकत घेतली तेव्हा तिच्या वसाहती अकराशेच्या वर गेल्या होत्या. हा डोलारा सांभाळता न आल्याने पुढे बरीच विक्री झाली आणि २०२४ च्या अखेरीस ४१ राज्यांत सुमारे साडेसहाशे वसाहती उरल्या होत्या. तिथे पूर्णवेळ शुश्रूषागृहांना १९८७ पासून संघराज्याचे एकसारखे नियम आहेत आणि त्यांची तारांकित श्रेणी सरकार जाहीर करते. मदतीसह राहण्याच्या जागा मात्र राज्यांच्या नियमांखाली येतात आणि त्यांसाठी अशी देशव्यापी श्रेणी नाही. ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, मेडिकेअर, दीर्घकालीन शुश्रूषेचा खर्च उचलत नाही. श्रीमंत पैसे भरतात, अतिगरिबांना मेडिकेडचा आधार मिळू शकतो आणि मधला वर्ग अडकतो. २०१९ मध्ये ‘हेल्थ अफेअर्स’ या नियतकालिकातील एका अभ्यासाने या मध्यमवर्गाला ‘विसरलेला मधला वर्ग’ म्हटले: २०२९ मध्ये अशा १ कोटी ४४ लाख ज्येष्ठांपैकी निम्म्याहून अधिकांना अशा जागेचा खर्च झेपणार नाही, असा त्याचा अंदाज होता.

आपल्याकडचा मध्यमवर्ग त्याच वाटेवर आहे. २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजना सत्तरीपुढच्या सर्वांसाठी खुली झाली आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले, ही मोठी गोष्ट आहे. त्याच वर्षी आरोग्यविमा विकत घेण्यासाठीची ६५ वर्षांची मर्यादाही विमा नियामकाने काढली. परंतु दोन्हींचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर आहे. खुब्याची शस्त्रक्रिया योजनेत बसते. नंतर सहा महिने अंघोळ घालणाऱ्या बाईचा पगार बसत नाही.

दुसरी वाट केरळची

देशात सर्वाधिक ज्येष्ठ-प्रमाण असलेल्या केरळने वसाहतींची वाट पाहिली नाही. कोळिकोडमध्ये १९९३ मध्ये वेदनाशामक सेवेची एक संस्था सुरू झाली. तिच्या अनुभवातून पुढे शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. २००८ मध्ये राज्याने परिहारक उपचारांचे स्वतंत्र धोरण स्वीकारले आणि पंचायतींना त्यात सामील करून घेतले. प्रशिक्षित परिचारिका ठरलेल्या दिवशी घरी जाते, जखम धुते, मूत्रनलिका बदलते, औषधे पाहते, घरच्यांना शिकवते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला यासाठी गाव, घर आणि भाषा सोडावी लागत नाही. या व्यवस्थेत उणिवा आहेत. परंतु तिचा नकाशा पंचायतींचा आहे, त्यामुळे तो विमानतळापाशी थांबत नाही.

महाराष्ट्रात ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, आशा स्वयंसेविका आहेत, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. आशाताईंच्या घरभेटी नवजात बाळांसाठी ठरलेल्या दिवशी होतात. अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांसाठी तशाच ठरलेल्या भेटी, योग्य मोबदल्यासह, का होऊ नयेत? सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीपासून त्याची सुरुवात करता येईल. २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान १५० जणांची सोय असलेला एक तरी वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. कायद्याची भाषा मात्र सरकार तो ‘उभारू शकेल’ अशी आहे, ‘उभारलाच पाहिजे’ अशी नाही. अनेक जिल्ह्यांतील ज्येष्ठांचे नशीब या एका क्रियापदात अडकले आहे.

खासगी वसाहतींना विरोध करण्याचे कारण नाही. एकटे राहणाऱ्या जोडप्याला सोबत, वेळेवर जेवण आणि हाकेला माणूस मिळणे हे आरोग्याचेच साधन आहे. एकटेपणाचा नैराश्याशी आणि हृदयविकाराशी संबंध आहे, हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे. घर घेताना मात्र कुटुंबाने काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. सीटी स्कॅन आणि अस्थिशल्यचिकित्सा चोवीस तास असलेले रुग्णालय रात्री आणि पावसाळ्यात किती मिनिटांवर आहे, हे एकदा गाडीने जाऊन मोजावे. रात्री आवारात कोण असते, त्याचे शिक्षण काय, हे विचारावे. चालता येईनासे झाले किंवा स्मृतिभ्रंश झाला तर त्याच आवारात सोय आहे की घर सोडावे लागेल, हे करारात लिहून घ्यावे. दोघांपैकी एक गेल्यावर मागे राहणाऱ्याला, बहुधा बाईला, महिन्याचा खर्च कशातून भागेल, याचा हिशोब आधीच करावा. मदतनीस कोणती भाषा बोलतात, हेही पाहावे.

ही चौकशी पासष्टीत, हातपाय धड असताना करायची असते. खुब्याचे हाड मोडल्यावर रुग्णालयाच्या खाटेवरून घर निवडायला कोणालाच सवड नसते, आणि मुलगा न्यू जर्सीत असेल तर तो फोनवरून निवडतो.